आधी आलेल्याला आधी उत्तर

तीर्थरूप अक्कास,

साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच घातला आहे, पण धरताना साष्टांगच धरावा.) तुझे गुडघे कसे आहेत? डावा आता वळतो का? भाऊजींचा पाय कसा आहे हे मात्र मुद्दाम विचारत नाही. त्या पायाची गेल्या महिन्यात जेवढी विचारपूस झाली, तेवढी तो खरोखर मोडला होता तेव्हाही झाली नसेल, आणि त्याला जबाबदार कोण हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. मांजर खुशाल असेलच. माझ्या मनात तिच्याविषयी वाईट काही नव्हतं, एवढं तिला सांग. इकडे आम्ही सगळे ठीक. हिचा खोकला गेला, माझी कंबर राहिली.

हे पत्र मेलनं आलेलं पाहून तू कपाळाला आठ्या घालशील, हे मला माहीत आहे. (पाहिलंस तर. न पाहिलंस तर आठ्यांचा प्रश्नच नाही.) महिन्यापूर्वी तूच कळवलंस की मेल बघणं आता होत नाही, सगळे त्या सोशल नेटवर्कवरच असतात, तूही तिकडेच ये. एवढंच. खाली ‘तुझी अक्का’सुद्धा नाही. अक्का, तू त्या गावाला राहायला गेलीस तेव्हापासून दर रविवारी सकाळी तू मला आणि मी तुला मेल लिहीत आलो. त्यात असायचं तरी काय? तुमच्या गच्चीवरच्या टाकीची गळती, आमच्या खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याची भांडणं, कुणाचा खोकला, कुणाला पडलेलं स्वप्न. जगातल्या तिसऱ्या माणसाला ज्यात काडीचाही रस वाटणार नाही असा तो मजकूर, आणि म्हणूनच तो मला आठवडाभर पुरायचा. सोमवारी ऑफिसात साहेबांनी झापलं तरी वाटायचं, असू दे, हे अक्काला लिहिता येईल. निवृत्त झाल्यावर झापणारे साहेब गेले (ती जागा हिनं घेतली), पण रविवार शिल्लक होता. तो तू एका ओळीत काढून घेतलास. मी रागावलो नाही. मी घाबरलो. आई गेल्यापासून माझं सगळं लहानपण ठाऊक असलेलं तू एकच माणूस उरली आहेस, आणि तिकडच्या शेकडो लोकांच्या गर्दीत तू मला सापडशील की नाही, याची मला खात्री वाटेना.

त्यातच जावईबापू आले. ते कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत, त्यामुळे भविष्यकाळ त्यांच्या खात्यात येतो. चहा पिता पिता त्यांनी सांगितलं की मेल आता बँकेपुरती आणि ऑफिसपुरती उरली. माणसं माणसांशी बोलायला ती वापरत नाहीत. थोड्याच वर्षांत रोजच्या बोलण्यातून ती कायमची जाईल. हे त्यांनी बशी खाली ठेवावी इतक्या सहज सांगितलं. मी विचारलं, मग एखाद्याला लांबलचक काही सांगायचं असेल तर? ते म्हणाले, लांबलचक आता कुणाला सांगायचंच नसतं. यावर ही आतून म्हणाली, “यांना असतं.” (तिनं माझी बाजू घेतली असं मला वाटलेला हा आयुष्यातला दुसरा प्रसंग. पहिला गैरसमज होता.)

मग मी ठरवलं, तू येत नाहीस तर मी येतो. सूनबाईनं बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर मला तिकडचं खातं उघडून दिलं. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? मेलचा पत्ता! जे मेलला मूठमाती द्यायला निघाले आहेत, ते दारात पाऊल टाकल्याबरोबर तिचाच पत्ता विचारतात. मी सूनबाईकडे अर्थपूर्ण पाहिलं. ती म्हणाली, बाबा, पुढे चला. पुढे फोटो मागितला. ऑफिसच्या ओळखपत्रावरचा दिला, ज्यात मी शिंकेच्या अलीकडे उभा आहे. मग एक चौकट आली: तुमच्या मनात काय चाललं आहे? इतक्या आपुलकीनं मला बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी खरं तेच लिहिलं, की मनात विशेष काही नाही, जे आहे ते कंबरेत आहे. त्यावर कोण कुठल्या माणसांनी मला अंगठे दाखवले. आता अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. मी फुरंगटून बसलो, तेव्हा सूनबाईनं समजावलं की तिकडे तो कौतुकाचा असतो. तेवढ्यात हिचा मैत्रीसाठी अर्ज आला. ती स्वयंपाकघरात, मी बाहेरच्या खोलीत, मध्ये फक्त पडदा. इतकी वर्षं संसार केल्यावर आता मैत्रीचा अर्ज कशासाठी, हे नीट कळेपर्यंत मी तो प्रलंबित ठेवला. (त्या दुपारचा चहाही प्रलंबित राहिला.)

आता मुख्य घोटाळा. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आवक-जावक विभागात उभा जन्म काढला, हे तुला ठाऊक आहे. त्या विभागाचं ब्रीद एकच: येईल त्या कागदाला पोच द्यायची, आणि आधी आलेल्याला आधी उत्तर. वरचा ताजा कागद उचलून उत्तर देणं म्हणजे रांगेत घुसणाऱ्याला मदत करणं. सकाळी आल्यावर गठ्ठा उलटा करायचा, शिक्क्याला शाई लावायची आणि तळापासून सुरुवात. नळाला पाणी नाही म्हणून तक्रार करणारा माणूस घर बदलून गेला असला तरी त्याला उत्तर जायचं. तर मी तुझ्या पानावर गेलो. खाली खाली जावं, ते संपेचना. वर्षानुवर्षांचे फोटो, बातम्या, विचार. आणि सख्ख्या भावाची एकालाही पोच नाही! एवढं टपाल तुंबलेलं पाहून माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. चष्मा पुसला, कंबरेमागे उशी घेतली, पार तळाशी गेलो आणि एकेका पोस्टला रीतसर उत्तर द्यायला बसलो. वर विषय, मग मायना, मग मजकूर, खाली ‘आपला नम्र’. तारखा मी पाहिल्या नाहीत असं नाही. पाहिल्या. पण उशीर झाला म्हणून उत्तरच द्यायचं नाही, ही पद्धत आमच्याकडे नव्हती. मला एवढंच ठाऊक नव्हतं की तिकडे जुन्या कागदाला उत्तर दिलं, की तो कागद उठतो आणि सगळ्यांच्या टेबलावर सगळ्यांत वर जाऊन बसतो.

पुढचं तू भोगलंसच, पण माझ्या बाजूनंही ऐक. तळाचा कागद तुझ्या जुन्या मांजरीचा होता. मी लिहिलं, ‘विषय: मांजरीचे दुःखद निधन. आपल्या दुःखात आम्ही सर्व सहभागी आहोत.’ शेवटी ‘विलंबाबद्दल क्षमस्व’ असंही लिहिलं होतं, पण तिकडे शेवटपर्यंत वाचतो कोण? दुपारपर्यंत अर्ध्या गोतावळ्यानं तुझं सांत्वन केलं, आणि तुझी आत्ताची मांजर, जी त्या वेळी तुझ्या मांडीवर बसली होती म्हणतात, तिच्या आत्म्याला शांती चिंतण्यात आली. नंतर भाऊजींचा पाय. फोटोत तो प्लास्टरमध्ये होता. ‘संपूर्ण विश्रांती घ्यावी, जिना टाळावा’ असं कळवलं आणि मी पाय मोकळे करायला गेलो. इकडे भाऊजींच्या जुन्या ऑफिसातली मंडळी फळांच्या पिशव्या घेऊन तुझ्या दारात हजर! भाऊजी तेव्हा शिडीवर चढून पंखा पुसत होते. त्यांना दरडावून खाली उतरवण्यात आलं आणि पलंगावर निजवण्यात आलं. त्यांचा फोन आला तेव्हा शिव्या खायच्या तयारीनं मी उभाच राहिलो. पण ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “अहो, एवढ्या लांबून आले बिचारे. मी जरा लंगडून दाखवलं. सफरचंदं चांगली आहेत.”

सगळ्यांत अवघड कागद तुझ्या थोरल्याचं लग्न ठरल्याचा निघाला. फोटोत तो आणि एक मुलगी. मी मनापासून अभिनंदन केलं. वधू सुस्वरूप आणि शांत स्वभावाची दिसते, निवड योग्य आहे, असा अभिप्राय दिला. ही मुलगी आणि तुझी सून यांत थोडा फरक वाटला, नाही असं नाही. पण मला वाटलं, लग्नाआधी माणसं वेगळी दिसतात. आता ते पहिलं ठरलेलं लग्न कसं मोडलं, हे तू मला मेलमध्ये इत्थंभूत लिहिलं होतंस, मला ते पाठ आहे. पण मेलमध्ये त्या मुलीचा चेहरा नव्हता ना! थोड्या वेळानं माझ्या अभिप्रायाखाली तुझ्या सुनेनं लिहिलं, “मीही काही वाईट नाही, मामा.” मी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला आणि खिडकीत जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तिनंच फोन केला आणि इतकी हसली, की शेवटी मीही हसलो. मुलगी सोन्यासारखी आहे. निवड योग्य आहे, हे आता योग्य व्यक्तीबाबत नोंदवतो.

असा एकेक कागद निकालात काढत मी वर वर येत होतो आणि एके ठिकाणी थांबलो. पोहण्याच्या तलावाचा फोटो होता. पाण्यात कुणी नाही, काठावर तुझी शिट्टी. खाली तू लिहिलं होतंस, ‘पुन्हा शिकवावंसं वाटतं. पण या वयात, या गुडघ्यांच्या बाईकडे कोण येणार शिकायला?’ त्याखाली एक अंगठा नाही, एक उत्तर नाही. अक्का, मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. जिनं अर्ध्या गावाला पाण्यात ढकलून पोहत वर आणलं (मला फक्त ढकललं), तिनं एवढा एक प्रश्न विचारला आणि सगळे पुढे निघून गेले. त्याच सुमाराची तुझी रविवारची मेल मी काढून पाहिली. त्यात टाकीची गळती होती. पोहण्याचं अक्षरही नव्हतं. मला फार वाईट वाटलं. जगाला विचारलंस आणि मला नाही? पण पोच ती पोच. मी लिहिलं, ‘विषय: पोहण्याचा वर्ग. आपला प्रश्न प्राप्त झाला. वर्ग अवश्य सुरू करावा. गुडघे काठावर ठेवून आवाज पाण्यात पाठवावा. आवाज पुरेसा आहे, हे मी लहानपणापासून जाणतो.’

तो कागदही उठला आणि वर जाऊन बसला. या खेपेला बसला ते बरं झालं. संध्याकाळपर्यंत तुझी जुनी पोरं गोळा! एक आता बस चालवते, तिनं लिहिलं की मॅडम, तुमची शिट्टी अजून कानात वाजते, वळणावर उपयोगी पडते. एक जण गणित शिकवतो, त्याला मुलीला तुझ्याकडेच घालायचं आहे. कुणी एका आजोबांनी विचारलं, मोठ्या माणसांना घेता का? आयुष्यभर पाण्याला भिऊन राहिलो, आता पुरे. आणि तलावाच्या मॅनेजरबाई तुझ्याच विद्यार्थिनी निघाल्या. त्यांनी परस्पर सकाळची वेळ तुझ्यासाठी राखून टाकली. परवा तू त्या आजोबांना तरंगायला शिकवतानाचा फोटो मी हिच्या मोबाईलवर पाहिला. (माझ्या खात्यावर का नाही, ते पुढे येतं.) आजोबांचे डोळे घट्ट मिटलेले, तुझ्या गळ्यात शिट्टी, आणि तू काठावरून ओरडते आहेस. मला इतका आनंद झाला की मी हिचा मैत्रीचा अर्ज मंजूर करायला निघालो होतो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच विचार चालू आहे: तू तो प्रश्न तिकडे का विचारलास, मला का नाही? आमच्या इमारतीचा जिना तू पाहिला आहेस. पिशव्या घेऊन चढताना कुणी मोठ्यानं म्हणतं, “आज पाणी येणार का हो?” ते कुणा एकाला विचारलेलं नसतं. उत्तर आलं तर आलं. नाही आलं तर अपमानही नाही. दार वाजवून विचारलं की मात्र नको असलेलं उत्तरही घेऊनच परत यावं लागतं. तुझा प्रश्न जिन्यातला होता. मला विचारला असतास तर मी ‘गुडघे सांभाळ’ असं लिहिलं असतं आणि विषय तिथंच मिटला असता. म्हणजे जावईबापूंचं निम्मं तरी खरं. जिना हवाच. तिथं माणसं भेटतात, आणि कधी कधी बुडालेली गोष्ट वर येते. वाढदिवस, मांजरं, प्लास्टरं खुशाल तिकडे जाऊ देत. पण जिना आहे म्हणून कुणी घराचं दार बुजवतं का? टाकीच्या गळतीचं काय करायचं? ती शंभर लोकांना सांगण्याजोगी नाही, आणि एकाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. अशा गोष्टी माणसांपाशी आहेत तोवर मेलला मरण नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. हे मत मी जावईबापूंना ऐकवायला सुरुवात केली. ते घाईत होते. म्हणाले, “बाबा, हे मला मेल करा ना, सवडीनं वाचतो.”

आता मी तिकडे दिसेनासा का झालो, ते. मी रुसलो वगैरे नाही. मला काढलं आहे. एवढ्या जुन्या पोस्टना, एवढ्या ओळीनं, एकाच मायन्याची उत्तरं देणारा माणूस असूच शकत नाही, हे काहीतरी यंत्र आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. आपण मनुष्य असल्याची खात्री पटवा, म्हणाले. चौकोनी फोटो दाखवले आणि ज्यांत सायकल आहे ते निवडा, असा आदेश दिला. एका चौकोनात नुसतं हँडल होतं. हँडलला सायकल म्हणायचं का? आमच्या विभागात अर्धवट कागद पूर्ण धरत नसत, म्हणून मी तो सोडला. तिथं मी माणूस म्हणून नापास. हिला सांगितलं, तर म्हणाली की मला विचारलं असतं तर मीही चटकन खात्री दिली नसती. आणि हे सगळं त्यांनी मला कळवलं कशावर? मेलवर!

असो. भाऊजींना नमस्कार, आणि पंखे पुसायला आता हरकत नाही असं सांग. थोरल्याला आणि सुनेला आशीर्वाद. आजोबांना म्हणावं, डोळे उघडा, ती रागावली तरी बुडू देत नाही. तुझा माझ्यावर लोभ आहेच. तो कळायला रविवार लागतो, एवढीच अडचण आहे.

तुझा धाकटा भाऊ
(मनुष्य, प्रकरण विचाराधीन)

ता. क. मूळ काम राहिलंच. मी मनुष्य आहे याला ओळखीच्या कुणीतरी दुजोरा द्यावा लागतो. मी तुझं नाव दिलं आहे. त्यांची विनंती तुझ्या मेलवर आली असेल, ती उघडून फक्त ‘होय’ दाबायचं आहे. ते दाबायला गेलीस की हे पत्रही तिथंच दिसेल. हे मी मुद्दाम घडवून आणलेलं नाही. हिचंही नाव देता आलं असतं, ही शेजारीच बसली होती. तरी तुझंच दिलं.

आणखी ता. क. दुजोरा नाही दिलास तरी चालेल. तिकडे मी यंत्र म्हणूनही राहीन. पण अक्का, मेल बंद करू नकोस. दोन ओळींची चालेल. गळतीची चालेल. आता पोहण्याचीही लिही. ‘गुडघे सांभाळ’ असं मी उत्तर देणार नाही. आणि तू तिकडे काय लिहितेस तेही मी वाचत जाईन, हिच्या मोबाईलवर, पोच न देता.

शेवटचं ता. क. पाठवायचं बटण दाबणार, तेवढ्यात ही मोबाईल घेऊन आली. तुझा तिला तिकडे निरोप आला आहे. तिनं मोठ्यानं वाचला, तो असा: “अगं, त्याची तब्येत बरी आहे ना? आजही रविवार असून मेल नाही. दर रविवारी उघडून बघते तर नुसत्या जाहिराती. मी आपलं सगळ्यांसारखं म्हणून टाकलं, म्हणून यानं खरंच लिहायचं थांबवावं? जेवला का तो?”

नाही अजून. हे पाठवतो आणि जेवतो.